मामाच्या खोलीतला कॉम्प्युटर

३ जून, सोमवार

लाईव्ह कसं जायचं ते शिकवणारा एक माणूस व्हिडिओत म्हणाला, चॅनल सुरू करायचं असेल तर काय केलं आणि काय चुकलं ते लिहून ठेवत जा. म्हणून ही वही. आठवीत शाळा सोडल्यापासून मी सहीशिवाय काही लिहिलेलं नाही, त्यामुळे रोज जमणार नाही. काही घडलं तर लिहीन.

आज काही घडलं नाही. दिवसभर कत्तलखान्यात मांसाच्या खोक्यांना टेप लावली, बोटं बधिर. संध्याकाळी फोनवर गेम खेळत बसलो. फोन इतका तापला की सायरूसी म्हणाला, "रताळ्या, त्याच्यावर अंडं फोड. गॅस तरी वाचेल."

सायरूसी माझा मामेभाऊ. मामेभाऊ-आत्तेभाऊ असल्यावर एकमेकांची टर उडवायचीच, तो आमचा धर्मच. सरळ बोलला तर घरातले विचारतात, बरं नाही का याला? वर आमची रोजची पैज. तोंड सरळ ठेवून थाप मारायची, आधी हसेल तो हरला, आणि हरलेल्याने सगळ्यांसाठी यंगोना, म्हणजे आमचं मुळांच्या पुडीचं गुंगीचं पेय, पाण्यात कालवायची. फिजीहून या कुंडाबारमध्ये आल्यापासून रोज मीच कालवतोय. माझं नाव पेनाया आहे हे त्याला माहीत तरी आहे का, शंकाच आहे.

पण ठरवलं. कॉम्प्युटर घ्यायचा. खोक्यांवर माझा हात सगळ्यांत जलद चालतो, गेममध्येही चालतो. आणि तिथे कोणी विचारत नाही, कितवीपर्यंत शिकलास.

८ जून, शनिवार

गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईचं नाव जोआन, चष्मा दोरीला बांधलेला. मला वाटलं होतं हाकलून देईल. पण तिने स्टूल दिलं.

मी म्हटलं, "गेम खेळता आला पाहिजे आणि त्याच वेळी लाईव्हही गेलं पाहिजे. आणि स्वस्त पाहिजे."

"या तिन्ही गोष्टी एकत्र मागणारा तू आज दुसरा," ती म्हणाली. मग समजावून सांगितलं. गेम पळवायचं काम मुख्यतः ग्राफिक कार्डाचं. लाईव्हसाठी चित्र तयार करायचं कामही तेच कार्ड करतं, म्हणून प्रोसेसर मधला घेतला तरी चालतो. रॅम सोळा जीबी पुरे. सेलमधल्या लॅपटॉपवर माझा डोळा होता, तर तीच नको म्हणाली. एवढ्या पातळ अंगात एवढी उष्णता मावत नाही, उन्हाळ्यात रडशील.

"पैसे कमी असतील तर कार्ड जुनं घे, कॅबिनेट जुनं घे," ती म्हणाली. "पॉवर सप्लाय मात्र नवा घे आणि चांगल्या कंपनीचा घे. तो बिघडला तर नुसता कॉम्प्युटर जात नाही."

"मग आणखी काय जातं?"

ती चष्म्यावरून बघत राहिली. "एका घरात किती जण राहता तुम्ही?"

आता याचा कॉम्प्युटरशी काय संबंध? आम्ही सात जण आहोत. तिने दाखवलेला पॉवर सप्लाय अख्ख्या जुन्या कॅबिनेटपेक्षा महाग होता. त्याने गेम तसूभरही जोरात पळत नाही, मी विचारलं तर तिनेच कबूल केलं. मग त्यात पैसे का घालायचे? दुकानदार ते दुकानदारच.

१५ जून, शनिवार

घेतला! कत्तलखान्यात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याने कॉलिनचा पत्ता दिला होता. कॉलिन गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये जुनं सामान विकतो. कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑफिसातलं कॅबिनेट, आणि त्याच्या पुतण्याने काढून ठेवलेलं ग्राफिक कार्ड. दोन्ही मिळून जोआनबाईच्या लॅपटॉपच्या निम्म्यात. ऑफिसच्या कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय या कार्डाला पुरणार नव्हता, तेव्हा कॉलिनने खोक्यात हात घालून दुसरा काढला. ठळक अक्षरात साडेसातशे वॉट छापलेलं. फुकट दिला! त्याला कार्डाला जोडायची पिन नव्हती, तर एक जोडवायर पण दिली.

"असं जोडून चालतं का?" मी विचारलं.

"होतंय रे सगळं. काळजी करत बसलास तर कधी खेळणार?" माणूस मला आवडला.

घरी सायरूसीने तो पॉवर सप्लाय हातात घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केला. तो फिजीत साखर कारखान्यात विजेच्या मोटारी दुरुस्त करायचा, त्यामुळे लोखंडाचं काही दिसलं की हातात घेतोच.

"रताळ्या, यात सामान भरायचं राहिलंय. अगदी तुझ्या डोक्यासारखं. बाहेर मोठा आकडा, आत हवा."

मी तो काढून घेतला.

"आमच्या कारखान्यात असाच एक होता. त्याच्यावर आम्ही डुकराची तंगडी भाजली होती. मालकाची खुर्चीपण भाजली गेली, पण तंगडी झकास." चेहरा एकदम पाद्र्यासारखा. "तू आम्हालाही भाजणार. फक्त आधी मीठ लाव."

मी फुटलो. हरलो. यंगोना मी कालवली.

२० जून, गुरुवार

जागा ठरली. मामाची खोली.

माझ्या खोलीत आम्ही तिघे, तिथे कोणाचं ना कोणाचं घोरणं चालूच असतं. मामाची खोली घराच्या मागच्या टोकाला, आणि इंटरनेटचा डबापण तिथेच. मामाचं नाव फिलिमोने. तो सायरूसीचा बाप, रात्रपाळीला असतो. कत्तलखाना रात्री धुवून काढायचा, पहाटे घरी यायचं आणि दुपार कलेपर्यंत झोपायचं. म्हणजे संध्याकाळनंतर खोली रिकामीच.

विचारायचा प्रश्नच नव्हता. मी भाचा. मामाच्या घरातलं भाच्याने काही उचललं तर मामाने तोंड उघडायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लहानपणी त्याच्या गावी जाऊन मी त्याचा सगळ्यांत मोठा कोंबडा उचलून आणला होता, तेव्हाही तो हसत उभा होता. आज मी टेबल आत सरकवलं तेव्हा मामा पलंगावर बसून बघत होता.

"इथेच का, भाचेबुवा?"

"इथेच, मामा."

"बरं. बरं."

खोलीत भिंतीवर प्लग लावायची जागा एकच. तिथे मामाचा हीटर होता, इथे जून-जुलै म्हणजे ऐन थंडी. मी एक्स्टेन्शन बोर्ड लावला, आता हीटर आणि कॉम्प्युटर दोन्ही त्याच्यावर. मामाने बोर्डाकडे पाहिलं, मग सायरूसीकडे पाहिलं. सायरूसी म्हणाला, "बाबा, तुमचा भाचा शहाणा आहे. थंडीत दोन-दोन शेकोट्या."

खिडकीला घरमालकाने स्क्रू मारलेत, आधीचे भाडेकरू म्हणे तिथून सामान पळवायचे. बरंच आहे. वारा येत नाही, माईकवर आवाज साफ येतो.

२३ जून, रविवार

पहिलं लाईव्ह! नऊ जण आले. त्यातले सहा फिजीतल्या आमच्याच गावचे, एक पाद्रीबाबांचा मुलगा. पण गेममध्ये मी चौघांना एका दमात उडवलं तेव्हा एक अनोळखी माणूस लिहून गेला, कोण आहे हा पोरगा? ते वाक्य मी फोनवर फोटो काढून ठेवलंय.

आईचा फोन आला. "मामाला त्रास देत नाहीस ना?"

"भाच्याचा कसला त्रास?"

"तो स्वतः सांगणार नाही, म्हणून तुला विचारतेय."

आया असंच बोलतात.

२ जुलै, मंगळवार

एक कटकट. मामाच्या दाराबाहेर छताला धुराचा अलार्म आहे. तो मधूनमधून चिवचिवतो, बॅटरी संपत आली असणार. माईकमध्ये जातं ते. लोक लिहितात, भाऊ, तुझ्याकडे चिमणी आहे का? आज पुन्हा गेममधून लक्ष उडालं आणि हरलो. स्टूल घेऊन चढलो आणि काढूनच टाकला. किचनच्या कपाटात ठेवलाय, बॅटरी आणली की लावीन.

लाईव्ह चालू असताना गावातला आगीचा भोंगापण वाजला. दर मंगळवारी संध्याकाळी इथल्या बंबवाल्यांची तालीम असते. तो काही मला काढता येणार नाही. लोकांना सांगितलं, मंगळवारी आमच्याकडे बँड असतो.

५ जुलै, शुक्रवार

आज दोनदा कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन सुरू झाला. दोन्ही वेळा हीटरने जोर धरला तेव्हाच. दिवाही मिणमिणला. हे घरच जुनं, फळ्यांचं. आता मी खेळताना हीटर बंद ठेवतो आणि उठताना मामासाठी लावून जातो. पहाटे थंडीत आला की खोली ऊबदार मिळते त्याला. एवढं तर भाच्याने करायला हवं.

९ जुलै, मंगळवार

प्रेक्षक चाळीसच्या वर. एक जण रोज येतो, नाव ठेवलंय 'तळलेला मासा'. तो लिहितो, भाऊ तुझ्या मागे माशी घोंघावतेय का? बारीक घूं आवाज येतोय. मी कान लावला. खरंच येत होता, कॅबिनेटच्या मागून, जिथे पॉवर सप्लाय आहे. मग रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये आवाज गाळायची सोय सापडली. एक बटण दाबलं की घूं गायब! हेडफोन घातल्यावर मलाही ऐकू येत नाही. तळलेला मासा म्हणाला, आता मस्त.

जोआनबाईला सांगायला पाहिजे. स्वस्तात घेतलेला कॉम्प्युटर कसा चाललाय बघ म्हणावं.

१४ जुलै, रविवार

चर्चनंतर जेवायला नारळाच्या दुधातला मासा आणि कसावाचे कंद. जेवणाआधी प्रार्थना मामाने केली. नेहमी पाऊस, गावाकडची माणसं, इथला राजा, एवढ्यावर थांबतो. आज म्हणाला, "देवा, या घराच्या भिंती सांभाळ. भिंतींमधून जे धावतं तेही सांभाळ. आणि ज्याला बोलता येत नाही त्याचंही ऐक." सगळे आमेन म्हणाले. वय झालंय मामाचं. रात्रपाळीने माणूस भ्रमिष्ट होतो असं ऐकलंय.

खोलीत जळका वास येत होता. मी सायरूसीला म्हटलं, "टकल्या, मासा करपवलास."

"मासा मी उकडलाय, रताळ्या. वास तुझ्या कॉम्प्युटर नावाच्या वाघाचा आहे. तोंड उघडलंय त्याने." गंभीर चेहऱ्याने वाकला, बोर्डाला हात लावला, झटकन मागे घेतला आणि बोटं तोंडात घातली. काय नाटक करतो! मी पोट धरून हसलो. तो हसला नाही. तो कधीच आधी हसत नाही. यंगोना मीच कालवली.

नंतर पाहिलं तर बोर्डाचं एक भोक तपकिरी झालं होतं. मी पिन शेजारच्या भोकात घातली.

१८ जुलै, गुरुवार

मामा आता खोलीत झोपत नाही. पहाटे येतो आणि बाहेरच्या व्हरांड्यातल्या सोफ्यावर घोंगडं घेऊन पडतो. आज सकाळी कामाला निघालो तर गवतावर पांढरं दव गोठलेलं आणि मामा खोकतोय. मी रात्री खेळतो, कॉम्प्युटरचा पडदा चालू ठेवून जातो, त्याला वाटत असेल भाच्याची जागा झाली आता ही.

"मामा, इथे काय झोपता? आत जा."

"इथे हवा आहे, भाचेबुवा."

"हवा कसली, बर्फ आहे! आजारी पडाल. आईला मी काय तोंड दाखवू? चला, उठा." मी हाताला धरून उठवलं, खोलीत नेलं, हीटर लावला, अंगावर माझी पण रजई घातली. दाराखालून गार वारा येत होता, तिथे टॉवेल गुंडाळून कोंबला. मामाने माझा हात थोडा वेळ धरून ठेवला.

दिवसभर खोकी भरताना बरं वाटत होतं. कोणासाठी तरी काहीतरी केलं असं.

२६ जुलै, शुक्रवार

उद्या मोठा दिवस. उद्या संध्याकाळी फिजीत आमच्या गावच्या चर्चच्या हॉलमध्ये भिंतीवर पांढरं कापड लावून माझं लाईव्ह दाखवणार आहेत. पाद्रीबाबांच्या मुलाने जमवलंय. आई पुढच्या रांगेत. आठवीचे गुरुजीपण येणार. "हा काय करणार आयुष्यात," असं वर्गासमोर म्हणाले होते ते. बघा म्हणावं.

लाईव्हच्या सुरुवातीला दाखवायला माझ्या आजवरच्या चांगल्या डावांचा एक व्हिडिओ बनवतोय. तो तयार व्हायला कार्डाला पूर्ण जोर लागतो, वेळपण फार. उद्या सकाळी लावून देईन, संध्याकाळपर्यंत होईल.

आज सायरूसी विचित्र वागला. मी कॅबिनेटसमोर बसलो होतो. तो दारात उभा. रताळ्या नाही, काही नाही.

"हे बंद कर," म्हणाला. "मी पैसे देतो, त्या बाईकडचा घेऊ. उद्याच्या उद्या. नाहीतर निदान बाबा झोपलेले असताना तरी चालवू नकोस."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. ओठ हलत नव्हते, डोळे हलत नव्हते. इसा, अरे बाबा! आजवरची सगळ्यांत भारी थाप. मी खूप दाबलं, गाल चावले, तरी फुटलोच.

"मस्करी करत नाहीये मी," तो म्हणाला.

यावर तर मी खुर्चीवरून खाली आलो. मस्करी करत नाहीये! पोटात दुखेपर्यंत हसलो. तो निघून गेला. यंगोना कालवायला मी उठलो, तर त्याने स्वतःच कालवून ठेवली होती. जिंकूनसुद्धा. त्याचा अर्थ मला कळला नाही.

२७ जुलै, शनिवार

रग्बीच्या मैदानावर बाकावर बसून लिहितोय. सामन्याला अजून वेळ आहे, ऊन पडलंय, किती दिवसांनी. वही बरोबर आणली, कारण आज रात्री काय बोलायचं ते लिहून काढायचंय. आधी देवाचं नाव, मग गावच्या वडीलधाऱ्यांना मान, मग आईला नमस्कार. गुरुजींना काही टोमणा मारावा का? नको. आई रागावेल.

सकाळी व्हिडिओ लावून दिला. पंखा जोरात फिरायला लागला. मामा तोवर पलंगावर आडवा झाला होता, तोंड भिंतीकडे. रात्री कत्तलखान्यात पाणी फार थंड होतं म्हणाला. मी हीटर लावला. दोन्ही एकदम चालल्यावर कॉम्प्युटर बंद पडतो खरा, पण काल मी पिनेखाली पुठ्ठ्याची घडी घालून ती घट्ट बसवली, तेव्हापासून एकदाही पडला नाही. माझं मलाच कौतुक वाटलं.

"मामा, याला हात लावू नका हं. संध्याकाळपर्यंत चालू राहू दे."

"नाही लावत, भाचेबुवा."

"आईसाठी आहे."

"माहीत आहे मला. झोपतो मी." मी टॉवेल पायाने दाराखाली सरकवला आणि दार ओढून घेतलं. दार फुगलंय लाकडाचं, जोर लावून ओढावं लागतं.

सायरूसी आला नाही मैदानावर. बाकी सगळे आलेत. त्याला म्हटलं चल, तर म्हणाला, घरीच थांबतो, बाबांचे कपडे धुवायचेत. कपडे! तो स्वतःचे धूत नाही. मग मीच कामाला लावला त्याला. संध्याकाळच्या लाईव्हला यंगोना पाहिजे, पुडी संपलीय, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून घेऊन ये म्हटलं. तो नाही म्हणत होता. मी म्हटलं, हरलोय ना मी काल, तरी कालवलीस तू, मग आज आणायचीपण तूच. बाकीच्यांनी पण रेटला. शेवटी सायकल काढून गेला.

भोंगा वाजतोय. बंबवाल्यांचा. आज तर शनिवार. त्यांनी तालीम बदलली वाटतं. की गवत पेटलं कुठे? पण हिवाळ्यात ओल्या गवताला काय होतंय.

अजून वाजतोय.

रस्त्यावरून कोणीतरी पळत येतंय. सायरूसीच! सायकल कुठे टाकली यानं? एका पायात चप्पल आहे, दुसऱ्यात नाही. हातांना काळं फासलंय, चेहऱ्यालाही. वा रे वा. एवढी तयारी त्याने कधीच केली नव्हती. ओरडतोय काहीतरी. ऐकू येतंय आता. "पेनाया! पेनाया!" माझं नाव घेतोय. म्हणजे माहीत होतं तर लबाडाला.

सगळे वळून बघतायत. तोंड बघा त्याचं, जरा हललं तर शपथ. पण मी आता ओळखून आहे याला. वही मिटतो. या वेळी मी आधी हसणार नाही.